कावीळ अंगावर काढू नका : एचआयव्ही, हिपॅटायटीस सी आणि आपलं लिव्हर



आपल्या दशसूत्रीतलं सहावं सूत्र आपण प्रत्येक बैठकीत म्हणतो : नियमित आरोग्याची काळजी. म्हणतो आणि पुढं जातो. बचत, कर्ज, हप्ता यांचा हिशोब तासभर चालतो. आरोग्याला पाच मिनिटं मिळतात, तीही रक्तवाढीच्या गोळ्यांवर संपतात. या वेळी त्या सूत्रावर जरा थांबू या. विषय अवघड आहे, चारचौघींत बोलायला संकोच वाटणारा आहे. पण याच विषयावर वेळीच बोलणं झालं म्हणून आपल्या एका मैत्रिणीला योग्य उपचार मिळाले. तिनंच सांगितलं, "अक्का, माझं नाव घालू नका, पण बाकीच्या बायांना कळू द्या." म्हणून तिचं नाव, गाव आणि गट इथं सांगत नाही. कुणी ओळखायचा प्रयत्नही करू नये, ही विनंती.

कर्जाची मागणी

मासिक बैठकीत एका ताईनं पंचवीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगितलं, काविळीचं औषध. लांबच्या एका गावात कुणी झाडपाला देतो, सात खेपा कराव्या लागतात, सोबत पथ्य आणि दंडावर डाग, असा सगळा मामला होता. डोळे पिवळे दिसत होते. पाय सुजले होते. पोट गच्च वाटतं म्हणत होती. गटानं कर्ज मंजूर केलं. इतिवृत्तात लिहिलं, सह्याही झाल्या.

बैठक सुटल्यावर ती मागं राहिली. पदराआडून एक पुस्तिका काढून दाखवली. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांची. मालक गाडीवर होते, ते वारले, त्यानंतर तपासणीत हिलाही एचआयव्ही निघाला. तेव्हापासून कितीतरी वर्षं ती महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणत होती. एकही दिवस चुकवला नव्हता. गटात कुणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "गोळ्या तर नेमानं खाते, मग ही कावीळ कुठनं आली मला कळंना. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली हुती, पण मी केली न्हाई. आणि एक रोग निघाला तर काय करू?"

तो 'आणि एक रोग' खरोखर होता. त्याचं नाव हिपॅटायटीस सी. तपासणी पुढं ढकलल्यानं तो गेला नाही, उलट आतल्या आत वाढला. वैदूकडं जायचे ते पंचवीस हजार तिनं घेतले नाहीत. सांगलीला गेली. पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी हा सगळा प्रकार काय आहे ते समजून घेऊ.

लिव्हर म्हणजे नेमकं काय

मटणात आपण ज्याला कलेजी म्हणतो, तेच आपलं लिव्हर. मराठी पुस्तकात यकृत म्हणतात. पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली असतं. मोठ्या माणसाचं लिव्हर साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं.

त्याची कामं पुष्कळ आहेत. खाल्लेल्या अन्नाचं सार आतड्यातून रक्तात येतं, ते आधी लिव्हरकडं जातं. लिव्हर त्यातलं काय साठवायचं, काय वाटायचं ते ठरवतं. घातक पदार्थ बाजूला काढतं. जेवण पचायला पित्त तयार करतं. जखम झाल्यावर रक्त गोठतं, त्याला लागणारे पदार्थही लिव्हरच बनवतं. आपण घेतो त्यातल्या बऱ्याच गोळ्या लिव्हरमधूनच निस्तरल्या जातात. म्हणजे आपल्या प्रभागसंघात जशा लेखापाल, भांडार आणि तपासणी समिती असतात, ती सगळी एकाच जागी बसलेली.

लिव्हरचा एक गुण आहे आणि तोच अवगुणही आहे. ते सोशीक आहे. थोडं बिघडलं तर तक्रार करत नाही. अर्ध्याहून जास्त खराब होईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. आपल्या बायकांसारखंच. घरातलं सगळं उरकते, दुखतंय म्हणत नाही, आणि एक दिवस अंथरुणाला खिळते.

सगळ्या काविळी सारख्या नसतात

कावीळ हा स्वतः रोग नाही, ते लक्षण आहे. लिव्हर बिघडलं किंवा पित्ताची वाट अडली की पिवळा रंग रक्तात साठतो आणि डोळ्यांत, लघवीत दिसतो. कारणं वेगवेगळी असतात.

पावसाळ्यात, टँकरच्या किंवा फुटलेल्या नळाच्या घाण पाण्यातून होते ती कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटीस ए किंवा ई या विषाणूची. बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप बरी होते. मात्र गरोदर बाईला ई जिवावर बेतू शकतो, तिनं लगेच दवाखाना गाठावा.

हिपॅटायटीस बी आणि सी हे पाण्यातून येत नाहीत. बी रक्तातून, असुरक्षित संबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. सी मुख्यतः रक्तातून होतो. हे दोन्ही शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकू शकतात आणि लिव्हर हळूहळू खराब करतात.

आता लक्षात आलं का, वैदूच्या औषधाला 'गुण' का येतो? पाण्याची कावीळ तशीही बरी होणारच असते. माळ घातली, डाग दिला, नाकात रस घातला, आणि कावीळ उतरली की नाव त्याचं होतं. पण बी आणि सी या काविळी नेहमीच अशा उतरत नाहीत. वरचा पिवळेपणा गेला तरी विषाणू आत राहू शकतो. गेलेला वेळ मात्र परत येत नाही.

हिपॅटायटीस सी येतो कुठून?

सीचा विषाणू शास्त्रज्ञांनी १९८९ साली ओळखला. त्याआधी हा रोग होता, पण नाव नव्हतं. या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना २०२० चं नोबेल पारितोषिक मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी लोकांना जुनाट हिपॅटायटीस सी होता, त्यातले सुमारे ५५ लाख भारतात.

त्याच्या वाटा अशा :

- एकाला वापरलेली सुई किंवा सिरिंज दुसऱ्याला वापरणं. ही सगळ्यात मोठी वाट.
- तपासणी न झालेलं रक्त चढवणं. २००२ च्या आधी ज्यांना बाळंतपणात, अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये रक्त चढवलंय त्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी, कारण त्या काळात रक्तपेढ्यांत सीची तपासणी सगळीकडं होत नव्हती.
- नशेची इंजेक्शनं एकमेकांत वापरणं.
- वारंवार डायलिसिस, तिथली स्वच्छता नीट नसेल तर.
- जत्रेत एकाच सुईनं सगळ्यांना गोंदणं, एकाच सुईनं कान-नाक टोचणं, एकच ब्लेड अनेकांना वापरणं.
- आईकडून बाळाला, बाळंतपणाच्या वेळी.

यातल्या बऱ्याच वाटा एचआयव्हीच्याही आहेत. म्हणून दोन्ही रोग एकाच माणसात सापडतात. २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात चाळीसहून जास्त लोकांना एचआयव्ही असल्याचं उघड झालं. पदवी नसलेला एक माणूस स्वस्तात सुया टोचत फिरत होता, त्याच्या त्याच त्या सुईवर संशय घेतला गेला. आणि आपल्या राज्यात, २०२२ च्या मे महिन्यात, नागपूरला थॅलेसेमियामुळं सतत रक्त घ्यावं लागणाऱ्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचं समोर आलं, त्यातलं एक मूल दगावलं. त्या लेकरांनी काय पाप केलं होतं? म्हणून म्हणते, हा रोग झालेला माणूस दिसला की 'काय केलं असेल' हा प्रश्न आधी मनातून काढून टाका.

आपल्याकडंही अंग दुखलं की 'सुई मारा' म्हणायची सवय आहे. गोळीनं भागत असेल तर सुई मागू नका. सुई घ्यायचीच असेल तर पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. असं म्हणणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. दुकानात शेंगदाणा तोलताना आपण काट्याकडं बघतोच की!

दोन्ही एकत्र आले की काय होतं?

हिपॅटायटीस सी झालेल्या शंभरातल्या साधारण तीस जणांचा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत शरीर स्वतःच हाकलून लावतं. बाकी सत्तर जणांत तो राहतो. राहिलेल्यांपैकी शंभरात पंधरा ते तीस जणांना वीसेक वर्षांत सिरॉसिस होतो, म्हणजे लिव्हर घट्ट आणि खडबडीत होतं.

एचआयव्ही शरीराची राखण करणाऱ्या पेशी कमी करतो. राखणदारच कमी झाले की सीला मोकळं रान मिळतं. आपोआप बरं होण्याचं प्रमाण घटतं, लिव्हरवर व्रण लवकर पडतात. एचआयव्हीवर चांगली औषधं नव्हती त्या काळातल्या रुग्णांवरून असं दिसलं, की दोन्ही रोग असलेल्यांना सिरॉसिसचा आणि लिव्हर निकामी होण्याचा धोका नुसता सी असलेल्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो. एआरटी नियमित घेतल्यानं हा वेग कमी होतो, पण पूर्ण थांबत नाही. सीचं वेगळं औषध घ्यावंच लागतं. आपल्या त्या ताईचं इथंच चुकलं. तिला वाटलं, रोज गोळी खाते म्हणजे सगळ्याच रोगांवर खाते.

सिरॉसिस समजायला रानातला पाट आठवा. पाटात दगडमाती साचली की पाणी पुढं जात नाही. मागं तुंबतं, बांध फोडून शेजारच्या रानात शिरतं. आतड्यांकडून लिव्हरकडं जाणारं रक्तही असंच तुंबतं. मग पोटात पाणी साठतं, पाय सुजतात. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, फुटल्या तर रक्ताची उलटी होते. घातक पदार्थ गाळले जात नाहीत म्हणून माणूस बरळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. आणि अशा लिव्हरमध्ये पुढं कर्करोगही होऊ शकतो.

ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं : रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट भराभर वाढणं, पोटदुखीबरोबर ताप, बोलण्यात गोंधळ, झोपेतून न उठणं.

तपासणी कशी होते?

तपासणी दोन पायऱ्यांची असते, आणि लोक पहिल्या पायरीवरच घाबरतात किंवा तिथंच थांबतात.

पहिली पायरी, अँटिबॉडीची तपासणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे सीचा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच कळतं. तो आत्ता आहे की गेला, ते कळत नाही. रोग पूर्ण बरा झाला तरी ही तपासणी पुढं कायम पॉझिटिव्ह येत राहते.

दुसरी पायरी, विषाणूची मोजणी, म्हणजे व्हायरल लोड. यात विषाणू सापडला तरच रोग आत्ता आहे असं म्हणायचं आणि उपचार सुरू करायचे.

एक गोष्ट एचआयव्ही असलेल्यांनी खास लक्षात ठेवायची. प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर पहिली तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. कावीळ आहे, लिव्हरचे आकडे वाढलेत आणि अँटिबॉडी निगेटिव्ह आहे, असं असेल तर डॉक्टरांना विचारायचं : "व्हायरल लोड करायचा का?"

सोबत एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि सोनोग्राफी होते. त्यावरून लिव्हरवर किती व्रण पडलेत याचा अंदाज येतो. हिपॅटायटीस बीचीही तपासणी आधी व्हायलाच पाहिजे, कारण बी लपलेला असेल तर सीच्या औषधानंतर तो उसळू शकतो.

एआरटी घेणाऱ्या प्रत्येकीनं बी आणि सीची तपासणी किमान एकदा करून घ्यावी. केली असेल तर पुस्तिकेत नोंद आहे का, ते बघून घ्यावं.

औषध आहे, आणि मोफत आहे

हे सगळ्यांत महत्त्वाचं. एचआयव्ही औषधानं काबूत राहतो, पण हिपॅटायटीस सी औषधानं पूर्ण बरा होतो. आणि एचआयव्ही असला तरी तितकाच बरा होतो.

पूर्वी असं नव्हतं. इंटरफेरॉनची इंजेक्शनं दर आठवड्याला, वर्ष-वर्षभर घ्यावी लागत. ताप, अशक्तपणा, उदासी यांनी माणूस हैराण व्हायचा, खर्च लाखांत, आणि दोन्ही रोग असलेल्यांतले निम्मेही बरे होत नसत. २०१३ च्या शेवटी अमेरिकेत सोफोसबुवीर नावाची गोळी आली. तिथं एका गोळीची किंमत १००० डॉलर होती! बारा आठवड्यांचे ८४००० डॉलर. आपल्या देशात या औषधाच्या पेटंटला हरकत घेणाऱ्यांत दिल्लीतला एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा एक गट पुढं होता. पुढं कंपनीनं भारतीय कंपन्यांना परवाने दिले, आणि २०१५ पासून इथं बनलेल्या स्वस्त गोळ्या मिळू लागल्या. जे आजारी होते तेच एकत्र येऊन भांडले, हे गटातल्या बायकांनी विसरू नये.

२८ जुलै २०१८ ला, जागतिक हिपॅटायटीस दिनी, केंद्र सरकारनं राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमात सीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत.

उपचार साधारण असे असतात :

- सिरॉसिस नसेल तर सोफोसबुवीर आणि डॅक्लाटास्वीर, बारा आठवडे.
- सिरॉसिस आहे पण लिव्हर काम सांभाळून आहे, तर सोफोसबुवीर आणि वेल्पाटास्वीर, बारा आठवडे.
- पोटात पाणी झालंय, लिव्हर थकलंय, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चोवीस आठवडे, किंवा रिबाव्हिरिन जोडून बारा आठवडे.

गोळ्या रोज, एकही न चुकवता. वेळेवर आलेल्या शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. गोळ्या संपल्यावर पुन्हा बारा आठवड्यांनी व्हायरल लोड करायचा. तेव्हा विषाणू सापडला नाही तर रोग बरा झाला. हा शेवटचा रिपोर्ट चुकवू नका. आणि हेही ध्यानात ठेवा, बरं झाल्यावर लस टोचल्यासारखं संरक्षण मिळत नाही. घाण सुई परत टोचली तर रोग परत होऊ शकतो. सीवर लस निघालेली नाही. बीवर आहे, ती आपल्या बाळांना जन्मतःच देतात. मोठ्यांनीही डॉक्टरांना विचारून घ्यावी.

गोळ्यांची आपसातली भांडणं

दोन रोगांच्या गोळ्या एकत्र घेताना त्या एकमेकींशी भांडू शकतात. म्हणून काही गोष्टी डॉक्टरांपासून लपवायच्या नाहीत.

एआरटीत इफाविरेन्झ असेल तर वेल्पाटास्वीर चालत नाही, आणि डॅक्लाटास्वीरचा डोस बदलावा लागतो. डोल्युटेग्रॅवीरची गोळी असेल तर सहसा अडचण नसते. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर ती सीच्या गोळ्यांची ताकद घालवते, म्हणून बहुधा टीबीचा उपचार आधी पुरा करतात. ॲसिडिटीच्या गोळीनंही वेल्पाटास्वीरचा परिणाम कमी होतो.

तेव्हा जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. बीपीची, साखरेची, टीबीची, झाडपाल्याची पुडीसुद्धा. ज्या डॉक्टरांना एचआयव्ही माहीत नाही, ते चुकीची गोळी देऊ शकतात.

आणि कावीळ झाली म्हणून आपल्या मनानं एआरटी बंद करू नका. हे फार जणी करतात. एआरटीतली टेनोफोवीर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधं हिपॅटायटीस बीलाही दाबून ठेवतात. अचानक बंद केली तर बी उसळून लिव्हर एकदम बसू शकतं. बंद करायचं की बदलायचं, ते एआरटी केंद्रातले डॉक्टर ठरवतील.

खाणंपिणं आणि झाडपाला

दारू थेंबभरही नको. 'औषधापुरती'सुद्धा नको. खराब लिव्हरवर दारू म्हणजे वणव्यात रॉकेल.

झाडपाल्याचं औषध 'नैसर्गिक' म्हणून बिनधोक नसतं. करोनाच्या काळात लोकांनी गुळवेलीचे काढे घेतले, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी अशा काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. तो वाद मोठ्यांचा. ज्याचं लिव्हर आधीच दुखावलंय त्यानं मात्र प्रयोग करू नये, एवढं आपल्याला पुरेसं आहे.

दुखण्यावर सिरॉसिस असलेल्यांनी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत, त्यानं किडनी जाऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलसुद्धा किती घ्यायची ते विचारून.

काविळीत तेल-डाळ-अंडी बंद करून नुसती पेज देण्याची रीत चुकीची आहे. लिव्हरला भरून यायला प्रथिनं लागतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, डाळ, दूध, अंडी खावीत. थोडं थोडं पण वारंवार. सिरॉसिस असेल तर रात्री झोपण्याआधीही काहीतरी खावं. कडक उपवास नकोत. देवीला माहीत आहे तुम्ही आजारी आहात. पोटात पाणी असेल तर मीठ कमी : पापड, लोणचं, खारवलेली मिरची बाजूला ठेवा. आणि बुरशी लागलेले, कडवट शेंगदाणे कुणीच खाऊ नयेत, त्या बुरशीचं विष लिव्हरच्या कर्करोगाला कारण ठरतं.

लेकरू आणि घरची माणसं

आईला नुसता सी असेल तर शंभरातल्या पाच-सहा बाळांना तो होतो. सोबत एचआयव्ही असेल तर दहाच्या आसपास. सीच्या गोळ्या गरोदरपणात सहसा देत नाहीत, म्हणून दिवस राहण्याआधी उपचार पुरे करणं सगळ्यांत चांगलं. रिबाव्हिरिन घेतलं असेल, बाईनं किंवा मालकानं, तर त्यानंतर सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. सीचा विषाणू दुधातून जात नाही. पण आईला एचआयव्ही असेल तर पाजण्याबद्दल एआरटी केंद्र सांगेल तसंच करावं.

एकत्र जेवल्यानं, एका तांब्यानं पाणी प्यायल्यानं, मिठी मारल्यानं, एका संडासात गेल्यानं, लेकराचा पापा घेतल्यानं यातला कुठलाच रोग पसरत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही. वेगळं ठेवायचं ते फक्त दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखं काढायचं कटर. जखमेला फडकं बांधावं. संबंधाच्या वेळी निरोध वापरावा.

गटानं काय करायचं?

आपल्याच सांगली जिल्ह्यात १९९२ पासून संग्राम संस्थेनं, आणि १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बायकांनी, एचआयव्हीबद्दल गल्लोगल्ली काम केलं. समाज ज्यांना नावं ठेवत होता त्याच बायकांनी एकमेकींना सांभाळलं. मग आपण तर महिन्याला एकत्र बसणाऱ्या बाया आहोत.

पहिलं, गुप्तता. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासानं कळलेली कुणाची एचआयव्हीची माहिती तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही. या कारणावरून नोकरी, शिक्षण, उपचार, घर नाकारता येत नाही. गटातूनही कुणाला काढता येणार नाही, कर्ज नाकारता येणार नाही. इतिवृत्तात 'आजारपणासाठी' एवढंच लिहा. कोणता आजार, हा प्रश्न बैठकीत विचारू नका.

दुसरं, उपचार मोफत असले तरी जाणं फुकट नाही. जतहून सांगली-मिरज ऐंशी-नव्वद किलोमीटर. दिवसभराचा रोजगार बुडतो. एसटीला बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. उरलेल्या खर्चासाठी गटातून लहान, बिनव्याजी कर्ज द्यावं. पंचवीस हजार वैदूला देण्यापेक्षा पाचशे रुपये एसटीला आणि दोन घासाला पुरतात. एखादी मैत्रीण सोबत गेली तर आणखी बरं.

तिसरं, वाट माहीत असू द्या. सुरुवात ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशन व तपासणी केंद्रापासून किंवा आशाताईपासून. एआरटी चालू असेल तर थेट आपल्या एआरटी केंद्रात सांगा, हिपॅटायटीसच्या उपचारासाठी कुठं जायचं ते तिथूनच चिठ्ठी देतील. १०९७ हा एचआयव्हीबद्दलचा मोफत फोन आहे, नाव न सांगता विचारता येतं. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही असलेल्यांचाही समावेश आहे, अटी तहसील कार्यालयात समजतील.

त्या ताईचं काय झालं?

सांगलीला तपासणी झाली. सी निघाला, सिरॉसिसही निघाला, पोटात थोडं पाणी होतं. चोवीस आठवडे गोळ्या घेतल्या, एकही न चुकवता. सवय होतीच. शेवटच्या रिपोर्टात विषाणू नाही. पायाची सूज उतरली. आता ती परत शेळ्यांमागं जाते.

पण लिव्हरवर पडलेले व्रण सगळे भरून येत नाहीत. कर्करोग वेळेत कळावा म्हणून तिला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, ती आयुष्यभर. ती तपासणी चार वर्षांपूर्वी केली असती तर बारा आठवड्यांत सगळं संपलं असतं. ती म्हणते, "अक्का, मी रिपोर्टाला भ्याले. रोगाला भ्यायला पायजे हुतं."

पुढच्या बैठकीत सहावं सूत्र म्हणून झालं की एवढं करा. हा लेख एकीनं मोठ्यानं वाचा. मग सगळ्यांनी मनातल्या मनात स्वतःला विचारा : मला कधी रक्त चढवलंय का? जत्रेत गोंदून घेतलंय का? कुणाच्या हातची सुई न बघता घेतलीय का? एआरटी चालू असेल तर बी-सीची तपासणी झालीय का? उत्तर कुणाला सांगायची गरज नाही. फक्त तपासणीचा दिवस ठरवा आणि जा.

आपलीच,
संघातली एक कार्यकर्ती